याडीची उलटी शुगर

याडी एकटी जेवत नसे. तसा काही नेम नव्हता, कुणी शपथ घातली नव्हती. एकटीच्या घशाखाली घासच उतरत नसे. भाकरी थापून, वांग्याची भाजी करून, ताट समोर घेऊन ती उंबऱ्यात बसायची आणि रस्त्याकडे पाहत राहायची. कुणी ओळखीचं दिसलं की हाक मारायची, "आव, बेस." ये, बस. तो माणूस म्हणायचा, जेवून आलो याडी. "मंग पानी पे. नुसता बस." तो ओट्यावर टेकला की ही पहिला घास मोडणार. कुणीच आलं नाही, तर भाकरी परत टोपल्यात आणि याडी उपाशीच आडवी.

गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. तिचं खरं नाव कागदोपत्री काहीतरी वेगळं होतं, पण फुलसावंगीच्या अलीकडच्या त्या तांड्यात लहानथोर सगळे तिला याडीच म्हणत. मी तिथल्या शाळेवर शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. माहेर आर्णीचं, नवरा नोकरीला परभणीला, आणि बदलीचं काही जमत नव्हतं. याडीनं आपल्या घराची पुढची खोली मला दिली. पहिल्या संध्याकाळी मी स्टोव्हवर खिचडी टाकली तर ही दारात येऊन उभी.

"मॅडम, तू एकटी जेवशीन?"

"सवय आहे मले."

"अशी सवय लावू नाई," ती म्हणाली आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. तेव्हापासून आमची चूल एक झाली. ती मला एकाच दमात 'मॅडम'ही म्हणायची आणि 'तू'ही म्हणायची. मान द्यायचा तेवढा पहिल्या शब्दात देऊन मोकळी.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा, प्रेम, बायकोसह पुण्याला राहून मालवाहू गाडी चालवायचा. पोरगा चांगला, फोन करायचा, पण फोनवर माणूस जेवायला बसवता येत नाही. शेत दुसऱ्याला करायला दिलेलं. दिवसभर करायला काही नाही. अशा त्या घरात मंगळवारी मात्र पाय ठेवायला जागा नसे, कारण मंगळवारी याडीच्या अंगात देवी येई.

सोमवारी संध्याकाळीच ती शेणानं अंगण सारवून ठेवायची. मंगळवारी कडक उपास, पाण्याचाही थेंब नाही. दुपार कलायला लागली की बायाबापड्या जमायच्या. तांड्यातल्या, आसपासच्या गावांतल्या, कधी महागावहूनसुद्धा. मग याडीच्या कपाळावर घाम फुटे. हात थरथरत, जीभ जड होई, समोरच्याची ओळख पुसली जाई आणि ती अर्धं गोरबोलीत, अर्धं कशातच नाही असं काहीतरी बोलू लागे. लोक हात जोडून विचारत. पोरीचं लग्न कधी जमेल, बाहेरगावी गेलेला पोरगा कधी येईल. एकदा एकाचा बैल हरवला होता. याडी "पानी, पानी" म्हणाली आणि बैल नाल्याच्या काठी सापडला. तेव्हापासून तर तिचं नाव लांबवर गेलं. दिवसभराची तहानलेली बाई पाणी मागत होती, असं माझं मत. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

देवी जायची रीतही ठरलेली होती. गव्हाच्या भरड्याची, भरपूर गूळ घातलेली लापसी आधीच शिजवलेली असे. तिचा पहिला घास देवीच्या तोंडात घालायचा. देवी जेवली की निघते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि खरंच, दोनचार घास पोटात गेले की याडी हळूहळू भानावर यायची, पदर सावरायची आणि लाजून विचारायची, "म्या काय बोलली वं?" कुणीतरी सांगे. ती तोंडावर पदर घेऊन हसे, आणि मग सगळ्यांसोबत लापसीला बसे. त्या पंगतीत ती दोन माणसांचं जेवण एकटी जेवायची. मला वाटतं, आठवडाभराचं तिथंच भरून काढायची.

मला या प्रकाराचा राग येत असे. मी शिकलेली, विज्ञान शिकवणारी, आणि मंगळवारी माझ्याच खोलीच्या दारात चपलांचा ढीग. एकदा मी तिला म्हटलंही, की याडी, हे सोंग बंद कर. ती चिडली नाही. म्हणाली, "मी करत असती तं बंद केलं असतं. देवी आली तवापासून मानसं आली, मॅडम. त्याच्या आधी या आंगनात कोंबड्या बी येत नव्हत्या."

मग एका रविवारी सकाळी वेगळंच घडलं. आदल्या रात्री मी आर्णीला होते, सकाळच्या गाडीनं परतले. घरात दुसरं कुणी नाही, अंगणात कुणी नाही. याडी विझलेल्या चुलीपुढे बसून राख मळत होती. कणीक मळतात तशी, पाणी घालून, मन लावून. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही. कपाळावर घाम, ओठ थरथरत होते. मंगळवार नव्हता, उपास नव्हता, हात जोडायला माणूस नव्हता. मग देवी आली कशाला?

तो घाम मी ओळखत होते. माझे बाबा वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचून घ्यायचे. जेवणाला उशीर झाला की त्यांचं असंच व्हायचं. एकदा ते आईलाच 'आपण कोण' म्हणून विचारत होते. मी साखरेचं पाणी केलं, तिच्या ओठांना लावलं, ती हात झटकत होती तरी पाजलं. थोड्या वेळानं तिनं आपल्या राखेनं भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय करून राह्यली मी?" रात्री जेवली होती का, तर नाही. मी नव्हते ना.

पुढच्या खेपेला मी बाबांचं साखर मोजायचं यंत्र घेऊन आले. सकाळी काही खायच्या आत तिच्या बोटाला सुई टोचली. आकडा पाहून मी घाबरले. बाबांचा इतका खाली गेला असता तर घरात रडारड झाली असती. आणि या बाईनं तर आयुष्यात कधी इन्सुलिन घेतलेलं नव्हतं.

"तुह्या मशीनीले देवी समजते का?" याडी म्हणाली.

"देवी नाही समजत. साखर समजते."

प्रेमला फोन केला. तो गाडी मालकाच्या हवाली करून आला. यवतमाळच्या डॉक्टरांनी आकडे पाहून सरळ नागपूरला पाठवलं. मीही रजा टाकून गेले. ती माझा हातच सोडत नव्हती. तिथल्या तरुण डॉक्टरनं तिला फार छान वागवलं. देवीच्या गोष्टीला तो हसला नाही. कुठल्या वेळी येते, त्याआधी काय खाल्लेलं असतं, काय दिलं की जाते, सगळं बारकाईनं विचारलं. लापसीचं ऐकल्यावर तो म्हणाला, "आजी, तुमच्या लोकांनी तुम्हाला दर आठवड्याला औषध दिलंय. नाहीतर तुम्ही इथपर्यंत आल्याच नसत्या." मी मान खाली घातली. त्या लापसीला मी मनातल्या मनात बरीच नावं ठेवली होती.

तपासणी होती उपाशी ठेवायची. नुसतं पाणी प्यायचं, दुसरं काही नाही, आणि साखर खाली गेली की त्या क्षणी रक्त काढायचं. "इतका उपास तं म्या देवीसाठी बी नवता केला," ती नर्सला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी घाम फुटला, आणि भरल्या वॉर्डात याडीच्या अंगात आलं. शेजारच्या खाटेवरची बाई ताडकन उठून बसली आणि तिनं हात जोडले. पलीकडचीनं विचारलं, माझा पोरगा मला पाहायला येईल का? नर्स रक्त काढायची घाई करतेय, डॉक्टर धावत येतोय आणि चार खाटांवरच्या बाया सलाईनच्या नळ्यांसकट नमस्कार करताहेत. मग शिरेतून ग्लुकोज गेलं आणि देवी निघून गेली.

निदान झालं. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे एक गाठ होती आणि ती गाठ रात्रंदिवस इन्सुलिन ओतत होती. यकृतावरही काही ठिपके होते. डॉक्टरनं प्रेमला बाजूला घेऊन सांगितलं, हा कॅन्सरच आहे, पण स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरसारखा नाही. फार क्वचित सापडणारा, सावकाश चालणारा. गाठ काढू, ठिपक्यांसाठी महिन्याला एक इंजेक्शन देऊ. पूर्ण बरं होण्याची खात्री देत नाही, पण काही चांगली वर्षं मिळतील.

याडीला मात्र एकच विचारायचं होतं. "गाठ काढली का देवी येनार नाई?"

"नाही येणार, आजी."

ती बराच वेळ चादरीची किनार चोळत बसली. मग म्हणाली, "मंग लोकं कायले येतीन?"

प्रेम रडायला लागला, म्हणाला, याडी, तू पाहिजेस मले. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण हो म्हणाली नाही. हो म्हणाली ती संध्याकाळी, जेवणाच्या वेळी. उपासाची तपासणी संपली होती, सगळ्या खाटांवर ताटं आली होती. ही प्रत्येकीला विचारत होती, तुहं गाव कोनतं, तुले काय झालं, भाजी आळनी हाय का वं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इथी लय मानसं हाय. राहू काही दिवस." जिवावरचं ऑपरेशन तिनं अशा कारणासाठी पत्करलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आली तेव्हा तांड्यानं तिचं मनापासून केलं. तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, स्वतः येऊन विचारपूस केली. पण तिथं एक भलताच घोटाळा होऊन बसला. कुणीतरी माझ्या तोंडून 'शुगर' हा शब्द ऐकला होता. झालं! याडीले शुगर झाली. आणि शुगर म्हणजे गोड बंद, हे आता तांड्यातांड्यात पोचलेलं ज्ञान. शेजारणीनं मायेनं तिच्या घरातला गुळाचा डबा उचलून नेला. चहा बिनसाखरेचा येऊ लागला. मी घरोघर फिरून सांगितलं की हिची शुगर वाढत नाही, कमी होते. हिची शुगर उलटी आहे. ते याडीला फार आवडलं. कुणीही भेटलं की सांगायची, "मले उलटी शुगर हाय." ऐकणारी कळवळून विचारायची, लय उलट्या होते का? "नाई वं माय. उलट्या नाई, शुगर उलटी. तुमाले गोड बंद, मले गोड चालू!"

पथ्य होतं ते एवढंच, की थोड्या थोड्या वेळानं काहीतरी खायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही. ऑपरेशन सोसलेल्या बाईला हेच जड जात होतं. इतक्या वेळा खायचं तर इतक्या वेळा माणूस आणायचं कुठून? मी दुपारच्या सुट्टीत तिला शाळेत बोलावू लागले. पोरांच्या रांगेत ती खिचडीचं ताट घेऊन बसायची आणि पोरांपेक्षा जास्त बोलायची. रविवारी शाळा बंद आणि मी कधी आर्णीला, तेव्हा माझा जीव टांगणीला लागे.

महिन्याच्या इंजेक्शनला नागपूरला जायचं असे. एरवी माणसं सुईला भितात. ही सुईच्या दिवसाची वाट पाहायची. आधीच्या संध्याकाळी ज्यादा भाकऱ्या थापायची, सोबत तिळाची चटणी. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईच्या हातावर भाकरी ठेवायची आणि तिनं घास घेतला की मग आपण खायची. उमरखेडची एक बाई तर पुढच्या महिन्यात तीच गाडी धरून आली होती. याडी तिच्याबद्दल कितीतरी दिवस बोलत होती.

मंगळवार मात्र ओस पडत गेले. सुरुवातीला काही बाया सवयीनं आल्या, बसल्या, काही होत नाही म्हणून उठल्या. मग दूरच्या एका गावात एका बाईच्या अंगात येतं असं कळलं, तेव्हा आमच्याच रस्त्यानं लोक तिकडे जायला लागले. याडी तरीही सोमवारी अंगण सारवायची. एकदा फुलसावंगीहून एक तरुण बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली. याडीनं तिला सावलीत बसवलं आणि सांगितलं, "देवी नवती माय. बिमारी व्हती. डाक्टरनं काढून टाकली. तू याले दवाखान्यात ने." बाईनं पाण्याचा तांब्याही हातात घेतला नाही, तशीच गेली.

मी म्हटलं, "याडी, दोन शब्द बरे बोलली असती तं बसली असती ती."

"त्या वक्ती मले मालूम नवतं," याडी म्हणाली. "आता मालूम हाय. मालूम असून कसं बोलू?"

अशी दोनेक वर्षं गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी परभणीला गेले होते. शाळा उघडायच्या वेळी परत आले तर गावाच्या फाट्यावरच रिक्षावाल्यानं बातमी दिली, मॅडम, याडीच्या अंगात परत देवी आली. हातपंपावर सगळ्यांसमोर आली. घरी पोचले तर अंगण गच्च भरलेलं. नारळ, हळदीकुंकू, कडेवर पोरं. आणि मधोमध याडी, डोक्यावरून पदर घेऊन, एकेकीला नावानं विचारत होती. तुही सासू कशी हाय? तुह्या पोराले नोकरी लागली का? इतका उजळलेला चेहरा मी तिचा किती दिवसांत पाहिला नव्हता.

मला पाहून ती म्हणाली, "पाय मॅडम, किती जनं आले."

तिला कळलेलं होतं. मी काही बोलायची गरज नव्हती. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: ठिपके वाढले होते, इंजेक्शनाला दाद देत नव्हते आणि साखर पुन्हा खाली जायला लागली होती. त्या दिवशी सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नव्हतं. बोलता बोलता तिच्या वरच्या ओठावर घाम दिसू लागला. लोक सरसावून बसले. कुणीतरी हात जोडले. मी घरातून गुळाचा खडा आणला आणि तिच्यासमोर धरला. दहा मिनिटं थांबले असते तर सगळ्यांना हवं ते मिळालं असतं, तिलासुद्धा.

तिनं गुळाकडे पाहिलं. मग अंगणाकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. आणि माझ्या हातातून गूळ घेऊन सगळ्यांदेखत कराकरा चावून खाल्ला.

"झालं," ती म्हणाली. "आता ते येत नाई. देवी नाई वं बाया, माही बिमारी परत आली. घरी जा."

कुणी म्हणालं, देवीचा अपमान केला. कुणी म्हणालं, हिची मती फिरली. नारळ आणलेले तसेच पिशव्यांत गेले. अंगण रिकामं व्हायला फारसा वेळ लागला नाही. याडी तिथंच बसून होती. मी तिच्यापाशी बसले आणि मला रडू आवरेना. ती मात्र रडली नाही. "किती मानसं आलती वं," एवढंच दोनदा म्हणाली.

प्रेम येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, पुण्यातही उपचार झाले, पण आता ते त्रास कमी करण्यापुरतेच होते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. चौथ्या मजल्यावरची खोली. प्रेम गाडीवर, सून कामावर; दुपारी एक नर्स येऊन सलाईन बदलून जायची. समोरच्या दारात कोण राहतं, हे याडीला ठाऊक नव्हतं. याडी आणि शेजारी कोण ते ठाऊक नाही! ती इतकी वाळली होती की अंथरुणात माणूस आहे हे नीट पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. ती आमची शेवटची भेट.

माझा हात धरून तिनं विचारलं, "तांड्यात कोनी नाव काढते का माहं?"

त्या अंगणात गुडघाभर गवत माजलं होतं. दाराला कुलूप होतं, आणि त्या दिवसानंतर कुणी तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, रोज काढतात. नायक विचारतो, याडी कधी येते. शाळेतली पोरं खिचडीच्या वेळी तुझी जागा सोडून बसतात. ती फुलसावंगीची बाई आली होती लेकराला घेऊन, त्याला दवाखान्यात गुण आला म्हणाली, तुझ्या पाया पडायचंय म्हणाली. मंगळवारी तर बाया अजूनही येतात, नुसत्या ओट्यावर बसून जातात.

याडी डोळे मिटून ऐकत होती. मग मिटल्या डोळ्यांनीच हसली.

"खोटं बोलून राह्यली तू, मॅडम."

मी वर सलाईनच्या थेंबांकडे पाहू लागले. तिनं माझा हात हलवला.

"थांबली काहून? बोल ना. आनखी कोन आलतं?"

मग मी एकेकाला आणून तिच्या अंगणात बसवू लागले.